एक्का आज की शुक्रवारी

सोमवार, बुधवार, शुक्रवार, अकरा ते तीन मी एका खुर्चीला बांधलेला असतो. माझ्या किडन्यांनी काम सोडल्याला आता तीन वर्षं झाली. वेस्ट विंडसरमधल्या आमच्या घरापासून बारा मिनिटांवर टायरचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मधोमध आमचं डायलिसिस सेंटर आहे. गेलं की आधी वजन, मग खुर्ची, मग हातात दोन जाड सुया, आणि मग चार तास आपलंच रक्त नळीतून बाहेर जाऊन परत येताना बघायचं. पहिले काही महिने मी लॅपटॉप नेऊन एका हाताने ऑफिसचं काम करायचो आणि स्वतःला फार शूर समजायचो. पुढे तेही सोडलं. लोक भेटले की दुखतं का विचारतात. दुखत फारसं नाही. कंटाळा येतो, आणि थकवा असा की घरी येऊन बूट काढायला बसावं आणि बूट तसेच घालून अर्धा तास बसून राहावं.

खिडकीकडच्या रांगेत आम्ही तिघं होतो. पहिल्या खुर्चीत शाळेची बस चालवून रिटायर झालेला एक म्हातारा, वय अठ्ठ्याहत्तर. मध्ये मी. माझ्या डावीकडे हायस्कूलमध्ये गणित शिकवून रिटायर झालेल्या एक बाई. ती दोघं बेसबॉलची वेडी. मी पुण्याचा, क्रिकेटवर पोसलेला. वीस वर्षं या देशात राहूनही बेसबॉल म्हणजे नुसत्या फुलटॉसवर चालणारा खेळ, असं म्हणून मी नाक मुरडत आलो होतो. पण दोन्ही बाजूंनी चार-चार तास एकच विषय चालू असताना मधल्या माणसाने किती दिवस बहिरं राहायचं? आमची टीम कुठली ते सांगत नाही. आमच्या भागात निम्मे लोक एका शहराचे आणि निम्मे दुसऱ्याचे, आणि त्यावरून चांगले शेजारी एकमेकांशी बोलायचे थांबतात.

पहिल्याच उन्हाळ्यात मी तोंड उघडलं आणि माती खाल्ली. टीव्हीवर दुपारचा सामना चालला होता, आमचा पिचर, म्हणजे आपला बॉलर, नऊपैकी पाचव्या डावात दमलेला दिसत होता. मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, याला आत्ता काढा, जरा आराम द्या, आणि आठव्या डावात शेवटच्या स्पेलला परत आणा. दोघांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हातारा इतका हसला की त्याचा हात हलला, मशीनचा अलार्म वाजला आणि नर्स धावत आली. बेसबॉलमध्ये एकदा काढलेला खेळाडू त्या दिवशी परत येत नाही, हे चौथीतल्या मुलालाही ठाऊक असतं म्हणे. मला कोण सांगणार? त्या दिवसापासून म्हातारा मला नावाने हाक मारेनासा झाला. त्याच्यासाठी मी ‘क्रिकेट’ झालो. “काय क्रिकेट, झोपलास का?” आमचं सगळं बोलणं इंग्रजीत, तिथे कुठलं आलंय अरे आणि अहो. पण माझ्या डोक्यात तो मला पहिल्यापासून अरे-तुरेच करायचा, आणि मी त्याला अहो-जाहो.

आमच्या रांगेचा एक रिवाज होता. सामन्याच्या दिवशी प्रत्येकाने आपली लाइनअप कागदावर लिहून द्यायची: नऊ बॅटर ओळीने कुठल्या क्रमाने आणि पिचर कोण. मॅनेजरची खरी लाइनअप जाहीर झाली की ताडून बघायचं. कागद म्हणजे सेंटरवाले वाटतात तो पथ्याचा तक्ता. पुढे केळी नको, बटाटा नको, टोमॅटो नको, आणि मागे कोरा. आणि कागद सुया टोचायच्या आत द्यायचा. एकदा रक्त फिरायला लागलं की माणसाची मतं पातळ होतात, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. ज्याचं सगळ्यात जास्त चुकेल त्याने पुढच्या वेळी पहिला अर्धा तास गप्प बसायचं. ही शिक्षा ऐकायला सोपी वाटते. तिथे बसून बघा.

ऑगस्टमधली गोष्ट. डॉक्टर महिन्याच्या फेरीवर आले होते. आमच्या खुर्च्यांमध्ये पडदे नाहीत, त्यामुळे कुणाचं पोटॅशियम किती आणि कुणी किती पाणी जास्त प्यायलं, हे सगळ्या रांगेला कळतं. म्हातारा त्यांना सरळ म्हणाला, “सीझन संपला की मी थांबणार.” डॉक्टर स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले. बराच वेळ हळू आवाजात बोलणं चाललं. त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा अ‍ॅरिझोनात. पायाची दोन बोटं काढून झाली होती, एक डोळा गेला होता. नंतर समुपदेशन करणाऱ्या बाई आल्या, पुन्हा डॉक्टर आले, मुलगा फोनवर आला. म्हाताऱ्याने शांतपणे सगळ्यांना तेच सांगितलं आणि कागदांवर सह्या केल्या. डायलिसिस थांबवायचा हक्क इथे प्रत्येकाला असतो. थांबल्यावर आठ-दहा दिवस, फार तर दोन आठवडे. हा हिशेब आमच्या रांगेत कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

ऑगस्टमध्ये आमची टीम गाळात होती. सप्टेंबर संपेल तसा सीझन संपणार हे उघड होतं. आणि मग या मेल्यांनी जिंकायला सुरुवात केली. एकामागून एक जिंकत सुटले, आणि शेवटच्या दिवशी कसेबसे प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, घुसले. मी आयुष्यात कधी घरी बेसबॉल लावला नव्हता, तो आता रोज लावू लागलो. एकेक सामना संपेपर्यंत माझा जीव टांगणीला. माझ्या बायकोला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण मी तिला सगळं सांगितलं होतं. ती रोज एवढंच विचारायची, “जिंकले ना रे?” हो म्हटलं की “बरं झालं” म्हणून कामाला लागायची. आमच्या रांगेत मात्र त्या गोष्टीबद्दल चकार शब्द निघत नव्हता. आम्ही लाइनअपवर भांडत होतो, आणि बाकीचं सगळं त्या भांडणात मावत होतं.

तर तो बुधवार. पाच सामन्यांच्या मालिकेत आम्ही दोन-एकने मागे होतो. हरलो की खेळ संपला, जिंकलो तर शुक्रवारी पाचवा सामना. खेळ चारला सुरू होणार होता आणि मॅनेजरने पिचर अजून जाहीर केला नव्हता. आमचा एक्का, म्हणजे टीमचा सगळ्यात भारी पिचर, एक उंच डावखुरा, शनिवारी पहिला सामना टाकून मोकळा झाला होता. पिचरच्या हाताला दोन सामन्यांमध्ये निदान चार दिवस आराम लागतो. बुधवारी उतरवायचा तर त्याला तीनच दिवस मिळाले होते. दुसरा कोण, तर एक नवखा. जुलैपर्यंत खालच्या लीगमध्ये खेळत होता, चेहऱ्यावर धड मिशी नाही.

मी कागदावर एक्क्याचं नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. बाईंनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना कोड्यात टाकलं होतं: तीन डाव एकाने, तीन दुसऱ्याने, तीन तिसऱ्याने. म्हाताऱ्याने माझा कागद वाचला, मान हलवली आणि आपला पुढे केला. पिचर: नवखा. आणि सहाव्या नंबरला तो छत्तीस वर्षांचा कॅचर, म्हणजे आपला कीपर, ज्याला बॅटिंग करताना गेल्या दोन आठवड्यांत चेंडू दिसलाही नव्हता.

“कॅचरचं सोडा,” मी म्हणालो. “त्याच्यावर तुमचा जीव आहे, ठीक आहे. पण आज नवखा? आज?”

“एक्क्याला तीन दिवस पुरत नाहीत,” म्हातारा म्हणाला. “त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालंय. दोन वर्षंही झाली नाहीत.”

“मग राखून कुणासाठी ठेवायचा? आज हरलो तर शुक्रवार आहे कुठे?”

“शुक्रवार नसेल तर मार्च आहे, नवा सीझन आहे. त्याच्यापुढे अजून दहा वर्षं आहेत टाकायची.”

बाईंनी मध्ये पडून सांगितलं, की तीन दिवसांच्या आरामावर टाकणारे बहुतेक जण मार खातात आणि नवखे त्याहून जास्त खातात, तेव्हा तुम्ही दोघंही चूक. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. रात्रभर मी याच गोष्टीवर कूस बदलत होतो. सरळ होतं सगळं: एक्का आज टाकला तर जिंकण्याची आशा जास्त, आज जिंकलो तर शुक्रवार, शुक्रवारी जिंकलो तर पुढची सात सामन्यांची मालिका, म्हणजे जवळजवळ आणखी दोन आठवडे. आणि ज्याच्यासाठी मी हे दोन आठवडे जमवत होतो, तोच माणूस समोर बसून कुणा डावखुऱ्याच्या कोपराची काळजी करत होता.

“त्याच्यापुढे दहा वर्षं आहेत!” मी ओरडलोच. “आणि तुमच्यापुढे?”

नर्स सुया टोचायच्या आधी माझा हात कापसाने पुसत होती, तिचा हात थांबला. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. दोन महिने जे कुणी बोललं नव्हतं ते मी पार्किंगमध्ये वाद घालावा तशा आवाजात बोलून बसलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. “मला माहितीये, क्रिकेट,” तो म्हणाला. “मी ठरवलं ते माझं मी ठरवलं. त्याचं ओझं त्याच्या हातावर नाही टाकायचं.”

“तो स्वतःच म्हणतोय मी तयार आहे म्हणून. बातम्यांत आलंय.”

“त्या वयात सगळेच तयार असतात. म्हणून तर मॅनेजर ठेवतात.” मग म्हणाला, “मी छत्तीस वर्षं बस चालवली. रस्त्यावर बर्फ जमला की मुलंच मला म्हणायची, चला ना, जाऊ आपण, काही होत नाही. मुलांना विचारून बस काढायची नसते.”

सुया टोचल्या, मशीन सुरू झालं. मी त्याची माफी मागितली आणि त्याने ती हाताने उडवून लावली. साडेबाराला फोनवर लाइनअप आली. नवखा. आणि कॅचर सहाव्या नंबरला! म्हाताऱ्याचे नवापैकी सात बरोबर, माझे तीन. “शुक्रवारी पहिला अर्धा तास गप्प,” त्याने मला बजावलं. शुक्रवारी, असं तो अगदी सहज म्हणाला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

घरी आलो तो टीव्हीसमोर कोसळलोच. पहिल्या डावात त्यांनी एक रन काढली. चौथ्या डावात बायको हातात कणकेचा गोळा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, आणि त्याच क्षणी आमच्या फर्स्ट बेसमनने चेंडू प्रेक्षकांत मारला. एक-एक. “हलू नकोस,” मी म्हणालो. तिला सांगावं लागलं नाही. तिच्या माहेरी वर्ल्ड कपच्या वेळी काकांना न्हाणीच्या दारात पाऊण तास उभं केलं होतं. ती कणकेचा गोळा घेऊन पाच डाव उभी राहिली. मध्येच म्हणाली, “अरे, माझे पाय दुखतायत यार, आणि कुकर पण लावायचाय.” मी म्हणालो, “आज नाही जेवलो तर चालेल.” ती उभी राहिली. मी इथे वीस वर्षं सॉफ्टवेअर तपासण्यावर पोट भरलंय, कारणाशिवाय काही घडत नाही हे मी लोकांना शिकवतो. तरी तिने एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला तरी माझा श्वास अडकत होता.

नवखा अप्रतिम खेळला. सहा डावांत तेवढी एकच रन दिली. मग त्याला काढला, आणि नंतर आलेल्यांनी आठव्या डावात एक दिली. दोन-एक. कॅमेरा अधूनमधून एक्क्यावर जायचा. जॅकेट घालून, हात मांडीवर ठेवून तो बसला होता. शेवटच्या डावात आमचे तीनपैकी दोन आउट, दोन खेळाडू बेसवर, आणि बॅटिंगला आमचा छत्तीस वर्षांचा कॅचर. तीन चेंडूंत तोही आउट झाला. बायको दारात तशीच उभी. “संपलं का?” तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने गोळा परातीत ठेवला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. आम्ही कुकर लावला नाही.

शुक्रवारी मला जायचंच नव्हतं. तसं मी बोलूनही दाखवलं. “तू नाही गेलास तर तुझ्याच अंगात पाणी साठेल,” बायको म्हणाली, आणि गाडी काढून मला सोडून आली. पहिल्या खुर्चीवर धुतलेली चादर घातली होती. बाई “आलास” एवढंच म्हणाल्या. वजन झालं, सुया झाल्या. आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रातलं सामन्याचं पान कुणीतरी खिडकीत ठेवलं होतं, ते आम्ही दोघांनीही उचललं नाही.

साडेअकराला दार उघडलं आणि म्हातारा आत आला. कोट, टोपी, हातात काठी. वजनाच्या काट्याकडे न वळता सरळ आमच्याकडे. नर्सने त्याला डॉक्टरांचं स्टूल आणून दिलं, आणि तो माझ्या आणि बाईंच्या मध्ये बसला. “येताना दोन केळी खाल्ली,” त्याने जाहीर केलं, “आणि ही एवढी मोठी कॉफी.” तीन वर्षांत मी केळं चाखलेलं नाही. “कसं लागलं?” मी विचारलं.

“तू गप्प बस. अर्धा तास आहे तुझा.” मग त्याने काठी गुडघ्यांत धरली आणि घसा साफ केला. “क्रिकेट, तुझं बरोबर होतं. एक्का टाकायला हवा होता.”

तेवढं सांगायला तो आला होता. कुणाची तरी गाडी मागून, पायाची दोन बोटं नसताना, पावसातून तो मला हे सांगायला आला होता की वादात मी जिंकलो. मला हे सहन झालं नाही. शिक्षा मोडून मी बोलायला लागलो. म्हणालो, अजिबात नाही, तुमचंच बरोबर होतं. नवख्याने सहा डावांत एक रन दिली, एक्क्याने तीन दिवसांच्या आरामावर याहून चांगलं काय केलं असतं? म्हातारा म्हणाला, एक्क्याने सात डाव टाकले असते, मग आठव्या डावाचा घोळच झाला नसता. मी म्हणालो, आणि कोपर गेलं असतं तर? तो म्हणाला, कोपरं शिवता येतात. मी म्हणालो, मुलांना विचारून बस काढायची नसते! त्यावर बाई इतक्या मोठ्याने हसल्या की त्यांच्या मशीनचा अलार्म वाजला. बुधवारी मी जे जे बोललो होतो ते तो बोलत होता, आणि त्याचं सगळं मी. आणि दोघंही हट्टाला पेटलेलो. बाईंनी कागद घेऊन आकडे मांडले आणि पुन्हा दोघांनाही चूक ठरवलं. साडेतीन तास कसे गेले कळलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं की मशीन जरा हळू चालावं.

तीनला नर्सने माझ्या सुया काढल्या. मी कापूस दाबून बसलो. म्हातारा काठीवर भार देऊन उठला. बाईंचा हात त्याने दोन्ही हातांत धरला, मग माझ्याकडे वळला.

“त्या नवख्याला मार्चमध्ये सीझनच्या पहिल्याच आठवड्यात उतरवतील का रे?”

“उतरवणारच. का नाही?”

“नको. मे उजाडू दे. थंडीत नव्या खांद्याला टाकायला लावू नये.”

“मेपर्यंत कुठला मॅनेजर धीर धरतोय?” मी म्हणालो. “मार्चला वेळ आहे अजून. बघूच आपण.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. तो टोपी नीट करत होता. “तू बघ,” तो म्हणाला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेला.

अकराव्या दिवशी बाईंनी पेपरमध्ये त्याच्या जाण्याची बातमी वाचली. मार्चच्या शेवटी सीझन सुरू झाला तेव्हा मी बघितलं. नवख्याला त्यांनी थांबवलं. एप्रिलभर थांबवलं, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका उबदार दुपारी उतरवलं. वाद म्हाताऱ्याने जिंकला होता. मी खुर्चीत बांधलेला, शेजारी कुणी नवाच माणूस झोपलेला, आणि मला म्हाताऱ्याचा इतका राग आला की बाईंना कळू नये म्हणून मी ब्लँकेट तोंडावर घेतलं.